अर्धा कोयता

"बोलते का मुकीच हाय हे पोट्टी?"

"हळू बोला नं. आयकून राह्यली ते."

माझ्या पाठीमागं, जिन्यात बसलेल्या एका नवरा-बायकोचं हे बोलणं. मानोरा गावात बियाण्याच्या एका दुकानावर खोली होती. तिच्याकडे जाणाऱ्या अरुंद जिन्यावर खालपासून वरपर्यंत माणसं बसली होती आणि मला वर जायचं होतं. "जरा सरकता का?" एवढं म्हटलं असतं तर वाट मिळाली असती. मी मात्र भिंतीचा चुना ओढणीला लावून घेत, कुणाच्या पायावर पाय पडू नये म्हणून खाली बघत, काही न बोलता चढत होते. त्या दिवशी मला तिथं बोलण्यासाठीच बोलावलं होतं.

बोलावणारा माणूस बाबांच्या ओळखीचा. खालचं दुकान त्याचंच. पण अलीकडे त्यानं दुसरा धंदा धरला होता, परदेशातल्या शेतांवर हंगामापुरती माणसं पाठवण्याचा. दूर एका थंड देशात प्लॅस्टिकच्या लांबलचक मांडवांखाली स्ट्रॉबेरी पिकते आणि ती तोडायला तिथं माणूस मिळत नाही. मग हंगाम आला की बाहेरून माणसं न्यायची, फळ संपलं की त्यांना परत पाठवायचं. तिथल्या शेतवाल्यांचा मुंबईत कुणीतरी, आणि मुंबईवाल्याचा मानोऱ्यात हा. लोक त्याला मागून एजंट म्हणत, तोंडावर साहेब.

मानोऱ्याच्या आसपास तांडेच तांडे. दिवाळी झाली की तिथली माणसं ऊस तोडायला पश्चिमेकडे जातात आणि उन्हं तापली की परत येतात. "ऊस तोडनाऱ्याले स्ट्रॉबेरी काय जड हाय?" असं एजंट बाबांना कारंज्याच्या भाजीबाजारात म्हणाला होता. अडचण एकच होती. तिकडून मुलाखत घेणारी बाई इंग्रजीत बोलायची आणि इकडे कुणाला ते समजायचं नाही. आधी एक मास्तर यायचे, त्यांची बदली झाली. बाबा म्हणाले, "आमची पोरगी इंग्रजी शाळेत शिकली हाय." घरी येऊन त्यांनी मला सांगितलं, विचारलं नाही. मीही नको म्हणाले नाही.

आमचं वावर कारंज्याला लागून, धनजच्या रस्त्यानं. भेंडी, पालक, वांगी, सांभार. आई-बाबा उजाडायच्या आत भाजी घेऊन बाजारात हर्राशीला, म्हणजे लिलावाला, जातात, भाऊ त्याच्या दुकानावर जातो. अमरावतीहून शिक्षण संपवून परत आल्यापासून मी घरी बसून एका कंपनीचं काम करत होते. इंग्रजीत तक्रारी यायच्या, मी इंग्रजीत उत्तरं टाइप करायचे. समोरच्याला माझं नाव दिसत नसे आणि त्याचं गाव मला कळत नसे. घरातले सगळे आपापल्या वेळेला जेवत. मी टोपल्यातली पोळी घेऊन लॅपटॉपसमोर जेवायचे. कुणी माझ्याशी वाईट वागत नव्हतं. फक्त दिवस दिवस माझा आवाज मलाच ऐकू येत नसे.

शाळेत वर्गात मराठी बोललं की मॉनिटर फळ्यावर नाव लिहायची. माझं नाव कधी फळ्यावर आलं नाही, म्हणून बाईंनी एकदा सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं. खरं कारण एवढंच होतं की मी कुठल्याच भाषेत बोलत नव्हते. इंग्रजी चुकेल म्हणून शाळेत गप्प. आणि घरी तोंड उघडलं की आत्याची मुलं म्हणायची, "बापा, हे तं टीव्हीवानी बोलते!" मी सांभाराला कोथिंबीर म्हणाले की ती सगळी हसायची. हळूहळू मी सांभारही म्हणेनाशी झाले आणि कोथिंबीरही. हातानं जुडी दाखवायचे.

तर त्या खोलीत एक टेबल होतं, त्यावर लॅपटॉप आणि समोर एक प्लॅस्टिकची खुर्ची. लॅपटॉपच्या बाजूला, कॅमेऱ्यात अर्धी दिसेन अशी, माझी खुर्ची. कोपऱ्यात कूलर घरघरत होता. एजंट म्हणाला, "बेटा, ते जेवढं इचारन तेवढंच इकडं सांगजो. हे जेवढं बोलतीन तेवढंच तिकडं सांगजो. आपल्या मनचं काही घालू नको."

मला ते ऐकून बरं वाटलं. आपल्या मनचं काही न घालण्याची मला लहानपणापासून सवय होती.

पडद्यावरची बाई मध्यमवयीन होती, बिनबाह्यांचं जाकीट घातलेली, हातात चहाचा मोठा मग. तिच्या मागच्या खिडकीत पावसाळी उजेड होता. सुरुवातीला तिनं एजंटला आणि मला सांगितलं की, या खेपेला फक्त बायका हव्या आहेत, कारण राहायची सोय बायकांचीच आहे. घरचं कुणी सोबत येणार नाही. एजंट इंग्रजीत "येस येस" म्हणाला. त्यानं जिन्यावरच्या लोकांना हे सांगितलंच असेल, असं मी धरून चालले.

मग एकेका बाईला बोलावणं सुरू झालं आणि प्रत्येक वेळी दोघं आत येऊ लागले.

"अरे, एकेक या नं बापा!" एजंट ओरडला. "लगन लावाचं हाय का इथं?"

"लगन तं कवाच झालं साहेब," दारातून एक म्हातारी म्हणाली, "आता निसती वरात बाकी हाय." जिना हसला.

नवऱ्यांना हाकलूनही ते जाईनात. शेवटी एजंटनं त्यांना लॅपटॉपच्या मागं, भिंतीला टेकून उभं राहायला लावलं, म्हणजे ते कॅमेऱ्यात दिसणार नाहीत. मला त्याचं नवल वाटलं नाही. मी अमरावतीला प्रवेश घ्यायला गेले तेव्हा बाबाही असेच ऑफिसच्या दाराशी उभे होते. हे सोबतीला आलेत, असं मी समजले.

प्रश्न ठरलेले. शेतात काम केलंय का? वाकून, गुडघ्यावर बसून दिवसभर काम होईल का? थंडी सोसवेल का? घरापासून लांब राहिलात का? बायका उत्तर द्यायच्या, मी इंग्रजी करायचे, पडद्यावरची बाई मान हलवायची. मला ते काम आवडू लागलं. माझ्या तोंडातून वाक्यं बाहेर पडत होती, मोठ्यानं, न अडखळता, आणि त्यातलं एकही माझं नव्हतं. मधूनच नवरा-बायको आपसात त्यांच्या बंजारा बोलीत बोलायचे. ते मला कळायचं नाही. तेवढ्यापुरती मी खिडकीतून समोरच्या टपरीवरचा चहा उकळताना बघायचे.

जिन्यात मला मुकी म्हणणारा माणूस आणि त्याची बायको बऱ्याच वेळानं आत आले. ती खुर्चीवर बसली. तिशीची असेल. हातात कोपरापर्यंत बांगड्या, डोक्यावर हिरवा पदर. तो मागं भिंतीशी उभा राहिला, उंच, उन्हानं करपलेला, हसरा.

"शेतात काम केलंय?"

"लगन झाल्यापासून ऊसच तोडून राह्यलो आमी."

"काम भरभर होतं का?"

ती उत्तर देण्याआधी लॅपटॉपच्या वरून नवऱ्याकडे बघायची. "आमचा कोयता कोनाच्या मांगं नाई राहत. इचारा मुकादमाले."

कामात आम्ही कुणाच्या मागं राहत नाही, असं मी सांगितलं. पडद्यावरची बाई हसली. मग म्हणाली, "ती सारखी वर काय बघते आहे?"

मी एजंटकडे पाहिलं. "लाजते म्हना," तो पुटपुटला. ती लाजाळू आहे, असं मी इंग्रजीत सांगितलं. त्या खोलीत तो शब्द खरा एकाच माणसाला लागू होता आणि तिनंच तो उच्चारला होता.

"आणि घरापासून लांब?"

"दिवाळीले निंघतो, होळीच्या मांगंपुढं घरी. पोरगी सासूपाशी राह्यते," ती म्हणाली. पुन्हा वर बघून हसली.

दुपारी पडद्यावरची बाई तासाभरासाठी गेली. निवडलेली नावं तिनं एजंटला कळवायची, मग त्या बायकांशी एकेकदा बोलून त्यांचा होकार घ्यायचा, असं ठरलं होतं. होकार दिला की पासपोर्ट एजंटकडे जमा, मग तिकीट. त्यानंतर मागं फिरायचं म्हणजे मोठं झंझट, असं एजंटनंच सकाळी सगळ्यांना बजावलं होतं.

मी डबा घेऊन दुकानाच्या मागच्या बाजूला गेले. तिथं कडुनिंबाची सावली होती आणि मला वाटलं होतं की तिथं कुणी नसेल. पण तीच दोघं फडकं पसरून बसली होती. मी परत फिरणार एवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, काहून चालल्या? या नं इकडं."

मी उभीच राहिले.

"तुमी एकट्याच आल्या?"

मी मान हलवली.

"संगं कोनीच नाई?"

"नाही."

तिनं भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबून माझ्याकडे पाहिलं. "मंग जेवता कोनासंगं?"

तिनं ते सहज विचारलं, हात कुठं धुता असं विचारावं तसं. मी हातातल्या डब्याकडे पाहिलं. नवराच मदतीला आला. "अवं, इंग्रजीवाले एकले जेवतात. त्याईच्या घरी टेबल राह्यते."

"आमच्या घरी टेबल नाही," मी म्हणाले.

"बोलली वं!" तो ओरडला. "मुकी नाई हाय!"

"तुमी गप बसा," ती म्हणाली आणि फडक्यावर माझ्यासाठी जागा केली. मी बसले. तिनं माझ्या हातावर भाकर आणि मिरचीचा ठेचा ठेवला, माझ्या डब्यातली भेंडी स्वतःच काढून तिघांत वाटली. "घरची हाय का?" विचारलं. वावरातली, मी म्हणाले. "कवळी हाय," ती म्हणाली. मी तिला तिचं नाव विचारणार होते, तर ती म्हणाली, "नाव काय कराचं? वहिनी म्हना. याइले दादा म्हना."

मग मी, मला बोलतं ठेवायचं होतं म्हणून, विचारलं, "मघाशी तुम्ही कोयता म्हणालात. म्हणजे ऊस तोडायचा तोच ना?"

दादा खूश झाला. "तोबी कोयता अन् आमीबी कोयता. मी तोडतो, हे पाचट साळते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत टाकते. दोघं मिळून एक कोयता. मुकादम नाव एकाचंच धरते, माहं. जाचं दोघाईनं. नवऱ्याचं नाव सांगतलं की बायको त्याच्यातच आली."

"आणि एकटाच असेल कुणी तर?"

"तो अर्धा कोयता."

"त्याला नेतात?"

"नेतात नं. पन त्याचे हाल कुत्रं खात नाई."

वहिनी हसली नाही. "पोरगी झाली त्या साली मी गेली नोती," ती म्हणाली. "हे एकले गेले. अर्धा कोयता म्हून. दिवाळीले गेलेला मानूस होळीले घरी आला, तं बोलेच ना. मी म्हनो, अवो, कोनी करनी केली का काय? जेवन वाढलं तं पाठ करून जेवे."

"कोनासंगं बोलतो तिथं?" दादा म्हणाला. "ज्याची त्याची जोडी राह्यते. रातच्याले जो तो आपल्या पाचटाच्या कोपीत. सवयच मोडली." त्यानं पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि मग मोठ्यानं म्हणाला, "तवाचं ठरवलं, पुन्ना अर्धं जाचं नाई. जाचं तं दोघाईनं, नाई तं घरी बसून ढोरायवानी कुटार खाऊ."

मी भाकर खात राहिले. पाठ करून जेवणाऱ्या माणसाचं मला काही नवल वाटलं नव्हतं. बोलण्याची सवय मोडते, हे कुणी मोठ्यानं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. अमरावतीच्या होस्टेलमधून पहिल्या सुट्टीला घरी आले होते तेव्हा आईनं दारातच "कशी हायेस माय?" म्हणून विचारलं होतं आणि मला "बरी आहे" म्हणायला पायातली चप्पल काढून, पाणी पिऊन होईपर्यंत वेळ लागला होता.

"तिथं पक्कं घर देतात म्हन्ते साहेब," वहिनी म्हणाली. "कोपी नाई, पाचटाचं छप्पर नाई. खरं हाय का?"

"हो," मी म्हणाले. "गरम पाणीसुद्धा असतं, असं ती सांगत होती."

"आयकलं का? गरम पानी!" तिनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "तुमी आंघोळ करसान आता."

मी हसले. एवढ्यात जिन्यावरून एजंटचा आवाज आला आणि सगळे तिकडे धावले. तो वरच्या पायरीवर उभा राहून निवडलेल्या बायकांची नावं घेत होता. वहिनीचं नाव आलं. दादानं डोक्याचा गमछा काढून हवेत फिरवला.

"यंदा कोयता बायकोच्या नावानं!" कुणीतरी ओरडलं.

"दादा, आता मोळी तुमी बांधजा!"

"बांधीन नं!" दादा म्हणाला. "स्ट्रॉबेरीची मोळी ते केवढीशी राहीन? खिशात मावन माह्या."

"अन् भाकरीबी तुमीच थापजा. मालकीन ते हाय आता!"

"थापतो. तुमच्या बापाचं काय जाते?" तो हसत हसत म्हणाला. "आज मुकादम येनार हाय तांड्यावर. त्याले सांगून देतो, दुसरा कोयता पाह्य बापा. आमी दोघं चाललो इमानानं."

वहिनी पदर तोंडाशी धरून हसत होती. मी जिन्याच्या तळाशी डबा हातात घेऊन उभी होते. "आमी दोघं" हे शब्द ऐकले आणि सकाळपासूनचं सगळं माझ्यासमोर उलटं झालं. ते नवरे सोबतीला आलेले नव्हते. ते मुलाखतीला आलेले होते. जिन्यात प्रत्येक जोडीच्या हातात दोन दोन पासपोर्ट होते, एजंटनंच काढायला लावलेले. नाव एकाचं धरतात आणि दोघं जातात, हा त्यांच्या आयुष्यभराचा रिवाज. त्यांनी शंका कशासाठी घ्यावी?

मी वर गेले. एजंट कूलरसमोर शर्टाची बटणं उघडून बसला होता.

"काका," मी म्हणाले, "त्यांना वाटतंय नवरेपण येणार."

"माह्या ध्यानात हाय बेटा."

"मग सांगा ना त्यांना."

तो रागावला नाही. थकलेला दिसत होता. "आता सांगतलं तं अर्ध्या जनी जिन्यावरूनच उतरून जातीन. मंग त्या गोरीले मी काय तोंड दाखवू? एकदा बाई तिथं पोचली की पुढच्या खेपेले तिच्या नवऱ्याचाबी नंबर लावतो. माहं काय वाकडं हाय त्याईच्यासंगं? चार कपडे चांगले घालतीन. निंघाच्या टायमाले सांगीन मी बरोबर, समजावून." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू टेन्शन नको घेऊ. तू फकत जेवढं इचारलं तेवढं."

मी "बरं" म्हणाले. बरं हा माझा सगळ्यात जास्त वापरलेला शब्द असेल.

खुर्चीवर येऊन बसले. मला वाटलं, तो खोटं बोलत नसेल. असंही वाटलं, पक्कं घर, गरम पाणी, कदाचित तिला आवडेलही. आपण कोण? एक दिवसाची ओळख. ती नवऱ्याला सोडून जायला तयार होईल की नाही, हे ठरवणारी मी कोण? हे सगळं खरं होतं. पण तिला न सांगता ते ठरवणारा एजंट तरी कोण, इथं येऊन माझा विचार अडायचा. आणि मग मला तो पाठ करून जेवणारा माणूस दिसायचा. यंदा तो इथं तसा जेवेल आणि ती तिथं.

पुढं काय झालं तेही इथंच सांगून टाकते. मला त्या खोलीत पुन्हा कुणी बोलावलं नाही. एजंट बाजारात बाबांशी अजून बोलतो, पण माझा विषय काढत नाही. बाबांनी मला काही विचारलं नाही, एकदा फक्त म्हणाले, "तू तिथं बोलली म्हन्तात." त्यांच्या आवाजात राग नव्हता, थोडं नवल होतं. त्या बायकांतल्या काही गेल्या. दिवाळीनंतर मी कारंज्याच्या बसस्टँडवर अमरावतीच्या गाडीची वाट बघत होते, तेव्हा रस्त्याच्या पलीकडे ऊसतोडीला निघालेल्यांचा ट्रक थांबलेला दिसला. भांडी, गोधड्या, कोंबड्यांची टोपली, वर माणसं. त्यात एक हिरवा पदर होता आणि शेजारी उंच माणूस. मी हात वर केला. त्यांना मी दिसले की नाही, कळलं नाही. ट्रक निघाला. त्यांना गरम पाणी आणि पक्कं घर न मिळण्यात माझा हात होता, आणि ते दोघं शेजारी शेजारी बसले होते त्यातही. चांगलं झालं की वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही. बस आल्यावर मी खिडकीजवळची जागा धरली आणि डबा उघडला.

पण त्या दुपारी यातलं काही मला माहीत नव्हतं.

पडद्यावर बाई परत आली. बायका एकेक करून बसत होत्या. होकार घेण्याचं काम एजंटनं स्वतःकडे घेतलं होतं. बाई इंग्रजीत मोठं वाक्य बोलायची, तो मला हातानं थांबवून समोरच्या बाईला विचारायचा, "तयार हाय का?" ती म्हणायची, "हो." मी इंग्रजीत "येस" म्हणायचे. दिवसभरातलं सगळ्यात सोपं काम.

वहिनी खुर्चीवर येऊन बसली. दादा भिंतीशी. मला पाहून वहिनी ओळखीचं हसली, तसं कुणी माझ्याकडे बघून हसल्याला बरेच दिवस झाले होते.

पडद्यावरची बाई म्हणाली, "तुझं काम आम्हाला आवडेल. संपूर्ण हंगाम तू एकटी असशील, घरचं कुणी सोबत राहू शकणार नाही. हे मान्य आहे का?"

एजंटनं हात वर केला. "तयार हाय का, इचारून राह्यली."

वहिनीनं लॅपटॉपच्या वर पाहिलं. दादानं मान डोलावली, गमछ्यानं तोंड पुसलं आणि तो दात दाखवून हसला.

"तयार हावो नं आमी," ती म्हणाली.

एजंट माझ्याकडे वळला. "सांग. येस."

माझ्या तोंडात तो शब्द तयार होता. सकाळपासून इतक्या वेळा म्हणून झाला होता की तो आपोआप निघाला असता. मी तोंड उघडलं नाही. कूलरमधलं पाणी टपटपत होतं. पडद्यावरची बाई थोडी पुढं वाकली. तिनं वहिनीकडे न बघता माझ्याकडे बघितलं, कॅमेऱ्यात अर्ध्या दिसणाऱ्या माझ्याकडे, आणि दिवसभरात पहिल्यांदाच मला, माझं म्हणून, काहीतरी विचारलं.

"तुला काय वाटतं? तिला नीट समजलंय का?"

"बेटा," एजंट हळूच म्हणाला.

"नो," मी म्हणाले. माझा आवाज मला फार मोठा वाटला. मग मी खुर्ची वळवली, पडद्याकडे पाठ केली. आता काय बोलायचं ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं आणि ते कुठल्या भाषेत बोलायचं याचा विचार करायलाही वेळ नव्हता. आधी भिंतीशी उभ्या दादाकडे पाहिलं, मग वहिनीकडे.

"वहिनी, दादाले नाई बोलावलं. तुमाले एकटीलेच जा लागते. ते अर्धाच कोयता नेऊन राह्यले."